मेरिटमधले मासे

मराठवाड्यात मासे बघायला चालले आहे, असं मी रत्नागिरीत जाहीर केलं तेव्हा शेजारच्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "तिथे पाणी असतं का गो?" मी त्यांना गोड्या पाण्यातली मत्स्यशेती, कटला, रोहू, मृगळ, शेततळी असं बरंच काही ऐकवलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे चिखलातले मासे." मला राग आला, कारण मनातून माझंही मत तेच होतं.

माझं काम माशांच्या आजारांचं. माणसांच्या डॉक्टरला पेशंट निदान कुठे दुखतंय ते तरी सांगतो. माझा पेशंट बहुधा मेल्यावर माझ्याकडे येतो, प्लास्टिकच्या पिशवीतून, आणि आल्याआल्या सगळी प्रयोगशाळा रिकामी करतो. नांदेडला मासे पाळणाऱ्या शेतकऱ्यांचं एक शिबिर होतं आणि तिथे मला जंतूंमुळे होणाऱ्या रोगांवर बोलायचं होतं. लातूरच्या भूकंपाला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. आमच्याकडे लातूरचं नाव वर्षातून दोनदा निघायचं, एकदा भूकंपाच्या आठवणीने आणि एकदा बारावीच्या निकालाला. त्या गावाला मासेही आहेत, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

रत्नागिरी ते नांदेड हा प्रवास कसा झाला ते सांगत नाही. बरा झाला असता तर सांगितलं असतं.

गुरुवार, नांदेड

स्टेशनवर मला न्यायला हमीदचाचा आले होते. साठीचे, पांढरी टोपी, मेंदी लावलेली दाढी. नांदेडच्या बाजारात मासळीचा ठोक धंदा त्यांच्या घरात तीन पिढ्यांपासून. आसपासच्या तळ्यांवरचा माल तेच उचलतात. मला बघून त्यांचा चेहरा जरा उतरला. नंतर कळलं, शिबिरवाल्यांनी "मोठे डॉक्टर येणार" एवढंच सांगितल्यामुळे ते एखाद्या जाड चष्म्याच्या पुरुषाला शोधत होते.

"चला, आधी नाश्ता. खाली पेट बीमारीच्या गोष्टी करू नये," म्हणाले.

त्यांच्या घरी नाश्त्याला खिचडी आणि खट्टा. खिचडी पिवळी, मोकळी, वर तळलेला कांदा. खट्टा म्हणजे चिंचेचं पातळ पाणी, त्यात तीळ-शेंगदाण्याचं वाटण आणि खमंग फोडणी. मी कोकणातली बाई. वाटीत आंबट पातळ काही दिसलं की ती सोलकढीच, असा आमचा जन्मजात समज. वाटी तोंडाला लावून मी एका दमात रिकामी केली. चाचींनी लगेच भरली. तीही मी रिकामी केली. तिसऱ्या वेळी चाची पदराआड हसायला लागल्या, तेव्हा चाचा हळूच म्हणाले, "मॅडम, ते खिचडीवर घ्यायचं असतंय. पण तुमी प्या. घरचंच हाय."

शिबिरातलं माझं भाषण मला आवडलं. शेतकरीही शेवटपर्यंत बसले, फक्त जेवणाची वेळ झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो भाषणात दिसला नव्हता. जेवणं झाली तरी चाचा माझ्या टेबलापाशी घुटमळत होते.

"मॅडम, एक तळं बघता का? चाकूरच्या अल्याड हाय. लातूरच्या एका मास्तरचं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मास्तर म्हणजे माधवसर. लातुरात त्यांचा बायोलॉजीचा क्लास, पोरं दुरून येतात, वर पोरांसाठी तीन मजली हॉस्टेल. तळ्यावर राहतात ते त्यांचे थोरले भाऊ, ग्यानोबादादा. भूकंपात गावातलं दगडमातीचं घर बसलं आणि त्यात दादांची बायको गेली. दादा त्या रात्री शेतावर राखणीला होते, धाकटे लातुरात खोली घेऊन शिकवत होते, म्हणून दोघं राहिले. तेव्हापासून दादा छपराखाली झोपत नाहीत. सरकारने दिलेल्या नव्या घरात एक रात्रही राहिले नाहीत. दोन-तीन वर्षं कुणाशी धड बोलायचे नाहीत. मग माधवसरांनी चाकूरजवळ तुकडा घेऊन हे तळं काढलं आणि भावाला तिथे आणलं.

"तवापासून माणूस बोलायला लागला, मॅडम. हसतो भी. आन् आता मछली मरून राहिली. अंगावर लाल चट्टे, पोट फुगलेलं. दोनदा म्या माल वापस केला. मास्तर म्हणतो, ह्या खेपेला मेली तर तळं बुजवतो आन् दादाला हॉस्टेलात नेतो, तिसऱ्या मजल्यावर." चाचांनी टोपी काढून परत घातली. "बीमारी मछलीला हाय, पण जीव ग्यानोबाचा टांगून हाय. वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली तो माणूस आठ दिवस जगायचा न्हाई."

माझं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं होतं. ते मी रद्द केलं. यात माझा मोठेपणा काही नाही. कुणी मला "मॅडम, तुम्हीच बघा" म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

शुक्रवार, चाकूरच्या अलीकडे

लोहा, अहमदपूर करत एसटी निघाली. दोन्ही बाजूंना काळी जमीन, इतकी काळी की आमच्या तांबड्या मातीच्या डोळ्यांना ती कुणीतरी मुद्दाम भाजून ठेवल्यासारखी वाटावी. कंडक्टरने एका फाट्यावर उतरवलं. तळं किती लांब, असं मी पानाच्या टपरीवर विचारलं.

"हे काय, हितंच हाय."

कोकणात "हितंच" म्हणजे पुढच्या आगरापलीकडे. इथे ते पाऊण तास चालायचं अंतर निघालं. वाटेत तिघांना विचारलं, तिघांनीही "हितंच" म्हणून सांगितलं आणि तिघांनीही चहा घेऊन जा म्हटलं. मी दोन चहा घेतले. तळं का बिघडलं, याची कारणंही वाटेतच मिळाली. एकजण म्हणाला भूकंपापासून जमिनीतून गॅस निघतो. दुसरा म्हणाला भूकंपापासून पाण्याची चवच बदलली. तिथे भूकंपापासून बदललं नाही असं काहीच नव्हतं. टपरीवाल्याची बायको रागीट झाली होती, तीसुद्धा भूकंपापासून.

तळं चांगलं दीड एकराचं. काठावर कडुनिंब, निंबाखाली बाज. पत्र्याची एक खोली होती, पण तिच्यात खाद्याची पोती. माणूस बाहेर आणि पोती आत. ग्यानोबादादा उंच, वाळके, डोक्याला मळका पटका. मला बघून त्यांनी नमस्कार केला आणि बाजेवरची वाकळ झटकून टाकली.

"हमीदभाईचा निरोप आला व्हता. बसा. पानी घ्या."

मी बसते आहे तोवर रस्त्याने एक ट्रक गेला. दादांनी ट्रककडे पाहिलं नाही. त्यांनी तळ्याकडे पाहिलं. पाण्यावर बारीक थरथर उठली आणि विरली, तेव्हा त्यांचे खांदे सैल पडले.

"पानी आदी सांगतंय," ते म्हणाले. "जमीन मागनं. म्हून हितं झोप लागती मला."

मी पाणी संपवलं आणि वही काढली.

पेशंट बादलीत काढून ठेवले होते. सात रोहू, दोन कटला. मोठे, चांगले पोसलेले, प्रत्येकाच्या कुशीवर लाल चट्टे, काहींचे फुटून जखमा झालेल्या. ठिकठिकाणी खवले उडालेले. एकाचं पोट कापलं तर आतून पाणीच पाणी. आणि शेपट्या! सगळ्यांच्या शेपटीचा वरचा कोपरा झडलेला, कडा पांढुरक्या. मी खूश झाले. माणसांपुढे असं म्हणता येत नाही, पण वहीत मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'शेपटीचा सड, नमुनेदार!' आणि उद्गारचिन्हाखाली दोन रेघा ओढल्या.

पाण्यावर भाताची शितं तरंगत होती.

"हा भात कुठला?"

"मेसचा. पोरं उरवितेत, माधव पाठवून देतो. वरनं डाळमिलची चुरी."

मग काय, मी सुटलेच. उरलेला भात पाण्यात कुजतो, पाण्यातली हवा कमी होते, मासा कमजोर होतो, असं मी दादांना उभ्या उभ्या ऐकवलं. दादा "हाव, हाव" करत होते. शेवटी मी विचारलं, "मरतात कधी? थंडीत? ढग आले की?"

"बुधवारी."

"म्हणजे या बुधवारी?"

"बुधवारीच मरतेत. थोडे मंगळवारी, थोडे बेस्तरवारी. बुधवारी लई."

एवढं बोलून ते चुलीकडे वळले आणि भाकरी थापायला बसले. मी वहीत लिहिलं, 'जंतूंना वार कळतो (!)'. माझ्या शास्त्राचा हाच दोष आहे. माणसाने सरळ सांगितलेलं आम्ही गंमत म्हणून लिहून घेतो.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि तळ्यातल्याच धडधाकट मृगळाचं कालवण. त्यात चिंच, शेंगदाण्याचं कूट आणि काळा मसाला. मी पहिला घास घेतला आणि चिखलाची चव शोधायला लागले. दुसऱ्या घासातही शोधली. चौथ्या भाकरीला दादांनी विचारलं, "कोकणावानी न्हाई झालं ना?" मी म्हटलं, "नाही, कोकणावानी नाही," आणि ताट पुढे केलं. काकूंना हे मी अजून सांगितलेलं नाही.

शनिवार, लातूर

लातुरात पाय ठेवला की आधी पाट्या भेटतात. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, सकाळची बॅच, संध्याकाळची बॅच, आणि प्रत्येक पाटीवर मागच्या वर्षीच्या गुणवंतांचे पासपोर्ट फोटो. आमच्या गावात असे फोटो लागतात ते हरवलेल्यांचे. रिक्षावाल्याने मला पाहून "पालक का?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तीन हॉस्टेलांचे भाव सांगितले. हवेत डाळमिलचा भाजका वास, आणि रस्त्यावर सायकलींवरून पोरं चाललेली, ओठ हलताहेत, बहुधा काहीतरी पाठ करताहेत.

माधवसर चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. बोलतात भराभर आणि प्रत्येक वाक्यात मुद्दे पाडून. "या मॅडम. एक, प्रवास बरा झाला ना? दोन, चहा की कॉफी?" त्यांच्या ओळखीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शक मिळाला. तळ्यावरून सोबत आणलेल्या माशाच्या जखमेतला थेंब काचेवर घेऊन पाहिलं, तर बारीक काड्यांसारखे जंतू इकडून तिकडे धावताना दिसले. मी सरांना दाखवले. सरांनी डोळा लावला आणि एकदम विद्यार्थी झाले.

"हेच का मारेकरी?"

"हेच. पण हे बाहेरून आलेले नाहीत, सर. हे तुमच्या तळ्यात नेहमीच असतात, प्रत्येक तळ्यात असतात. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, त्याखाली खवले. ते शाबूत आहेत तोवर यांचं काही चालत नाही. कुठेतरी वाट मिळाली की आत शिरतात."

"मग वाट कुठं मिळते?"

"ते भातामुळे..." मी पुन्हा भाताचं व्याख्यान दिलं. सरांनी ते मुद्दे पाडून लिहून घेतलं.

मग ते मला त्यांच्या ऑफिसात घेऊन गेले. भिंतीवर मुलांच्या चाचण्यांचे तक्ते होते आणि त्यांच्याच शेजारी एक वेगळा तक्ता. रोहू, कटला, मृगळ. दर रविवारची वजनं, वाढ, आणि शेवटच्या रकान्यात क्रमांक. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'गुणवत्ता यादी'.

"दर रविवारी टेस्ट," सर अभिमानाने म्हणाले. "लातूर पॅटर्न म्हणजे काय, मॅडम? सतत मूल्यमापन. जो मागे पडतो तो आपल्याला कळला पाहिजे, आणि जो पुढे आहे त्याच्यावर विशेष लक्ष. हेच मी तळ्यात केलं." आणि मग त्यांचा आवाज उतरला. "पण एक गोष्ट कळत नाही. मरतात ते मेरिटमधलेच. ढ मासे मस्त पोहतात. पहिले वीस आले की पुढच्या आठवड्यात त्यातले सात-आठ गेलेच."

मी तक्त्याकडे बघून हसले आणि विचारलं, "पण पाण्यातला पहिला नंबर तुम्ही ओळखता कसा?"

"खूण केलेली असते," सर म्हणाले, आणि तेवढ्यात चहा आला. चहाबरोबर बॅचची वेळ झाल्याची घंटाही आली. तो प्रश्न तिथेच राहिला. चहा येवो न येवो, मी प्रश्न धरून ठेवायला हवा होता.

निघताना त्यांनी मला हॉस्टेलचा तिसरा मजला दाखवला. स्वच्छ खोली, नवी चादर, खिडकीत तुळशीची कुंडी. "दादासाठी. बघा ना, एकटा पडलाय तिकडं. मला रविवार सोडून जाता येत नाही, तेही वजन असतं म्हणून. नाहीतर रविवारी सकाळी मी एक जादा बॅच घेतली असती. इथं माझ्या डोळ्यांसमोर राहील." त्यांनी चादरीची सुरकुती सरळ केली. "वहिनीनं मला वाढवलं, मॅडम. दादानं शिकवलं. मी त्याला तसा ठेवू शकत नाही, उघड्यावर."

हा माणूस भावाला मारायला निघाला होता आणि तेही मायेने. मला त्याचा रागही आला आणि कीवही आली. वर पाहिलं तर डोक्यावर पांढराशुभ्र स्लॅब होता.

रविवार, तळ्यावर

सकाळी आठला सर तळ्यावर हजर. सोबत जाळं ओढायला दोन भोई, एक तराजू, रजिस्टर आणि एक छोटी पिशवी. दादा पहाटेपासून कामाला लागलेले दिसत होते. काठ झाडला होता, अंगावर धुतलेलं धोतर होतं आणि चुलीवर मोठं पातेलं चढलं होतं. शुक्रवारी मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. आज ते दर थोड्या वेळाने रस्त्याकडे बघून हसत होते.

भोयांनी जाळं ओढलं. मासे काठाशी आले तसं पाणी उकळल्यासारखं झालं. मग परीक्षा सुरू झाली. एकेक मासा उचलून कोरड्या गोणपाटावर टाकला जाई. तो तडफडे, खवले गोणपाटाला चिकटत. मग तराजूत. सर वजन म्हणत, स्वतःच लिहीत. मोठे असतील ते कल्ल्यात बोट घालून उचलले जात. नापास लगेच पाण्यात. पुढच्या नंबरात आलेले बाजूला, पाण्याच्या टबात.

मी मान डोलावत बघत होते. नोंदी इतक्या सुरेख ठेवणारा शेतकरी मला रत्नागिरीत भेटलेला नाही.

मग सरांनी पिशवीतून कात्री काढली.

पहिल्या आलेल्या रोहूची शेपटी चिमटीत धरून तिचा वरचा कोपरा त्यांनी कचकन कापला. "ही मेरिटची खूण," मला म्हणाले. "दर आठवड्याला थोडी ताजी करावी लागते, भरून येते."

शुक्रवारची वही माझ्या पिशवीत होती. शेपटीचा सड, नमुनेदार, उद्गारचिन्ह, खाली दोन रेघा. मला तिथल्या तिथे तळ्यात उडी मारावीशी वाटली, पण तेवढं खोल नव्हतं.

"सर," मी म्हटलं, "थांबा. कात्री खाली ठेवा."

मी त्यांना काठाला लागलेला एक मेलेला मासा आणि एक जिवंत मासा शेजारी ठेवून दाखवला. जाळ्याचे वळ दाखवले, गोणपाटाने सोललेली कूस दाखवली, कापलेली शेपटी दाखवली. म्हटलं, "तुम्ही काल विचारलंत ना, वाट कुठे मिळते? वाट तुम्ही करून देता. दर रविवारी, आणि हुशारांना जास्त. ढ माशांना तुम्ही लगेच सोडून देता म्हणून ते मस्त पोहतात. रविवारी जखम झाली की दोन-तीन दिवसांत जंतू अंगभर होतात, आणि बुधवारी..." मी बोलता बोलता दादांकडे पाहिलं. ते चुलीतलं लाकूड मागे ओढत होते, मान खाली. "भाताचं मी सांगितलं ते खोटं नाही, तोही बंद करा. पण मुख्य दोष भाताचा नाही. तो माझा अडाणीपणा. माझं चुकलं."

सर आधी वादाला उभे राहिले. जखम भरून येते, जंतू मारायला पाण्यात पोटॅश टाकलं होतं, मेडिकलमधल्या कॅप्सूल फोडून खाद्यात घातल्या होत्या, मी स्वतः बायोलॉजी शिकवतो. एक, दोन, तीन, चार. चारपाशी आले आणि अडकले. त्यांचा हात नकळत रजिस्टर चाळत होता. मेलेल्यांच्या तारखा त्यांनीच लिहिल्या होत्या आणि त्यांच्यासारखा नोंदी ठेवणारा माणूस त्या वाचल्याशिवाय राहणं शक्य नव्हतं. सगळे बुधवार ओळीने बसलेले होते.

"दादा," ते वळले, "तुला ठाऊक होतं?"

"जंतूतलं मला काय कळतंय?" दादा म्हणाले. "कातरीचं कळत व्हतं."

"मग बोलला कामून न्हाईस? साल झालं, मासे मरून राहिले! म्या तळं बुजवाया निघालो, तुला खोली बघितली, तरी तू गप?" क्लासमधली भाषा सरांच्या तोंडातून कधी गळून पडली ते त्यांनाही कळलं नाही.

भोयांनी जाळं सैल सोडलं आणि ते उगाचच लांब जाऊन विडी पेटवायला लागले. मीही वहीत डोकं घातलं, पण कान मी बंद केले नाहीत, हे कबूल करते.

"तू वजनाला येतूस, माधवा," दादा म्हणाले. "आदी तू दिवाळीला येत व्हतास, एका दिसासाठी. वजन काढलंस तवापासून दर रविवारी येतूस. मासे काय, पुन्हा सोडता येतेत. वजन बंद झालं तर तू कशाला येशील हितं?"

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण रत्नागिरीत मला सगळे आधी तेच विचारतात. तळं बुजवलं नाही. मेलेले मासे लांब चुना टाकून पुरले, पाण्याला चुना दिला, भात बंद झाला, औषध मी सांगितलं तेवढंच आणि तेवढेच दिवस. जाळं दोन महिने पाण्यात उतरलं नाही. चाचांनी त्यानंतर पहिला माल उचलला, तेव्हा मला फोन करून फक्त "साफ हाय, मॅडम" एवढंच सांगितलं आणि लगेच विचारलं, खट्टा प्यायला कधी येता. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आता औशाची दोन पोरं राहतात आणि तुळशीला पाणी घालायला विसरतात.

पण मला आठवतो तो रविवारच. दादांचं बोलणं झाल्यावर सर तसेच उभे होते, एका हातात रजिस्टर, शर्टाला माशाचे खवले चिकटलेले. बाजूला काढलेले मेरिटचे मासे भोयांनी ओंजळीने उचलून पाण्यात सोडले. सगळे गेले तरी सर पाण्याकडेच बघत होते. शेवटी लहान मुलासारखं म्हणाले, "मग दादा, दर रविवारी म्या हितं येऊन करू काय?"

"काय करायचं? जेव. बस."

"नुसतं?"

दादांनी पातेलं उतरवलं, दोन ताटं मांडली, मग माझी आठवण होऊन तिसरं मांडलं. सरांनी बूट काढले. तळ्याच्या काठावर ते मांडी घालून बसले खरे, पण बसणं काही जमेना. एकदा घड्याळ पाहिलं, एकदा रजिस्टर मांडीवर घेतलं, पुन्हा खाली ठेवलं. दादांनी भाकरी मोडून त्यांच्या ताटात टाकली, वर कालवण ओतलं आणि चुलीच्या धुरात डोळे बारीक करून म्हणाले,

"साळंत तू कितवा आलास म्हून म्या कवा इचारलं का रं तुला?"

सरांनी मान हलवली, नाही अशी. डोळे धुराने भरले होते, तेवढा फायदा सगळ्यांनीच घेतला. मग त्यांनी खाली मान घालून खायला सुरुवात केली, आणि घाई न करता, मुद्दे न पाडता, तीन भाकरी खाल्ल्या.